इंदिरानगरात बघितलेली जुनी ००-१५एम गिटार, सगळी महोगनीची: ॲक्शन ३.२, सॅडल २ मिमी. घ्यावी का?

पेठरोडचा_सूर

नाशिकला इंदिरानगरात एक मार्टिन ००-१५एम गिटार विकायला आहे. टॉप, पाठ, बाजू, नेक सगळं महोगनीचं, सॅटिन फिनिश, १४ फ्रेट बॉडीच्या बाहेर. मोजून आणलंय ते असं:

स्केल (तारेची वाजणारी लांबी) ६३२ मिमी, नट (नेकच्या वरच्या टोकाची खाचांची पट्टी) ४३ मिमी रुंद. बाराव्या फ्रेटवर ॲक्शन (तारेची फ्रेटपासूनची उंची) जाड ईला ३.२ आणि बारीक ईला २.४ मिमी. सातव्या फ्रेटपाशी रिलीफ (नेकचा किंचित बाक) ०.३५. ब्रिजच्या (टॉपवर तारा अडकतात त्या लाकडाच्या) वर सॅडल (तारा टेकतात ती पट्टी) जाड बाजूला २ मिमी दिसतं, बारीक बाजूला १.६. पहिल्या तीन फ्रेटवर तारांचे खड्डे आहेत, पण खडखड नाही. ब्रिजच्या मागे टॉपला थोडा फुगवटा. पाठीला ६ सेंमीची चीर, दुरुस्त केलेली. एंडपिनच्या (पट्टा अडकवायच्या खुंटीच्या) जागी जॅकचं भोक पाडलेलं, आत पिकअप नाही. तारा जुन्या, काळ्या पडलेल्या. खोलीत हायग्रोमीटरने आर्द्रता ७६ टक्के दाखवली.

आवाज दबलेला वाटला. हळू वाजवताना गोड आहे, पण जोरात स्ट्रम केलं की एका हद्दीनंतर वाढतच नाही. हा महोगनीचा स्वभाव की या गिटारचा दोष? वापर बोटांनी वाजवायला आणि भावगीतांच्या साथीला. किंमत इथे लिहीत नाही, आधी गिटार कळू दे.

रेषा_लाकडाच्या

दोन्ही गोष्टी मिसळल्यात, त्या वेगळ्या करून बघा.

हद्दीनंतर आवाज न वाढणं हा स्वभाव. टॉपला नेहमी वापरतात त्या सिटका स्प्रूस लाकडाचं वजन घनमीटरला ४२५ किलोच्या आसपास असतं, महोगनीचं ५९० च्या आसपास. महोगनी जड आहेच, वर त्या वजनाच्या मानाने ताठपणाही कमी. म्हणून तेवढ्याच जोराला टॉप कमी हलतो, आणि जोर वाढवला तरी त्या प्रमाणात आवाज वाढत नाही. त्याच्या बदल्यात प्रत्येक सूर मुळापासून सुटा ऐकू येतो, वरच्या स्वरांची झिलई कमी असते. स्प्रूसच्या ड्रेडनॉटवर (मोठ्या बॉडीच्या गिटारवर) सहा तारांचा कॉर्ड म्हणजे एक लाट. या गिटारवर सहा वेगळे सूर मोजता येतात. बोटांनी वाजवणाऱ्याला तेच हवं असतं.

छोट्या बॉडीचा भाग निराळा. ०० मापाच्या बॉडीची खालची रुंदी १४ ५/१६ इंच, ड्रेडनॉटची १५ ५/८. आतल्या हवेचा स्वतःचा एक सूर असतो, छोट्या बॉडीत तो वर सरकतो, साधारण १०० ते ११५ हर्ट्झमध्ये. मोकळी जाड ई ८२ हर्ट्झची, म्हणजे तिच्या मूळ सुराला हवेची मदत फार थोडी मिळते. तिचा भारदस्तपणा कान वरच्या स्वरांवरून ओळखतो. सहाव्या तारेवर एकेक फ्रेट वर जात ऐका. चौथ्या-पाचव्या फ्रेटपाशी एखादा सूर अचानक फुगून येईल. ते नैसर्गिक आहे. तो एकच सूर इतका फुगत असेल की साथीत त्रास होईल, तर मात्र विचार करा.

‘दबलेला’ वाटणं हा बहुधा दोष आहे, आणि तो लाकडाचा नसून काळ्या तारांचा आणि पावसाळ्यातल्या ओलाव्याचा असावा. महोगनीत वरची झिलई आधीच कमी, मेलेल्या तारांनी तीही गेली. नवीन तारा लावल्याशिवाय महोगनीच्या गिटारवर मत बनवू नका. विकणाऱ्याला तारा बदलायला सांगा, त्यांचे पैसे स्वतः द्या. ऑगस्टमधल्या आवाजावर जानेवारीचं मत तर अजिबातच बनवू नका.

फीलर_गेज

आवाजाचं वर आलंच. पण या गिटारची खरी किंमत नेकच्या कोनावर ठरणार आहे. ओरखडे, चीर, भोक हे सगळं त्याच्या नंतर.

तारांचा ताण वर्षानुवर्षं नेकला पुढे ओढतो आणि टॉपला ब्रिजमागे फुगवतो. ॲक्शन वाढते. प्रत्येक मालक थोडं सॅडल घासून ती खाली आणतो. घासायला सॅडलच उरलं नाही, की नेक उतरवून तिचा कोन नव्याने बसवावा लागतो, म्हणजे नेक रीसेट. हे मोठं काम आहे आणि ते करणारे हात कमी आहेत. तुमच्याकडे ३.२ ॲक्शन आणि २ मिमी सॅडल, म्हणजे गिटार त्या वाटेवर आहे. किती पुढे गेली आहे ते असं बघा.

सरळ स्टीलची पट्टी घ्या, निदान ४५ सेंमीची. सातपूर-अंबडच्या टूलच्या दुकानांत चांगली मिळते, फीलर गेजही (फट मोजायच्या पातळ पात्या) तिथेच किंवा ऑटो स्पेअरच्या दुकानात. तारा सुरात ठेवा. पट्टी तिसऱ्या-चौथ्या तारेच्या मधून फ्रेटच्या माथ्यांवर ठेवून ब्रिजकडे न्या. तिचं टोक ब्रिजच्या माथ्यावरून जेमतेम सरकलं किंवा तिथेच टेकलं, तर कोन ठीक. ब्रिजच्या पुढच्या कडेवर माथ्याखाली अर्धा मिमी आपटलं तर सांभाळून घेता येतं. एक-दीड मिमी खाली आपटलं तर नेक रीसेट हवाच, आणि तो किमतीतून वजा करा.

दुसरं माप ब्रिजच्या लगेच पुढे, टॉपपासून तारेच्या खालच्या बाजूपर्यंत. १२ ते १३ मिमी उत्तम. १० च्या खाली आलं की ब्रिजला टॉप हलवायला तरफ कमी मिळते, आवाज पातळ होतो. ब्रिजची जाडीही मोजा. कुणी सॅडल संपल्यावर ब्रिजच घासून पातळ केला असेल तर पट्टीची परीक्षा खोटं उत्तर देते. ८ मिमीच्या वर असेल तर बहुतेक कुणी हात लावलेला नाही.

रिलीफ ०.३५ जास्त आहे, ०.१५ ते ०.२५ पुरे. नेकच्या आतल्या ट्रस रॉडची (बाक जुळवायच्या सळीची) चावी ५ मिमीची लांब ॲलन, साउंडहोलमधून आत. रॉड फिरतो का हे घेण्याआधीच बघा: तारा थोड्या सैल करा, पाव वळसा घड्याळाच्या दिशेने, पुन्हा सुरात आणून मोजा. रॉड अडकलेला असेल तर जोर लावू नका, तिथेच थांबा. पण रिलीफ ०.१५ ने कमी केल्यावर बाराव्या फ्रेटवर जेमतेम ०.१ चा फरक पडेल. ‘रॉड आवळला की ॲक्शन खाली येते’ असं विकणारे सांगतात. रॉड नेकची वाक सरळ करतो, नेकचा कोन बदलत नाही.

मिठाची_डबी

तो ७६ चा आकडा खरा धरू नका. स्वस्त हायग्रोमीटर पाच-दहा टक्के सहज चुकतात. बाटलीच्या झाकणात साधं मीठ घ्या, दोन-चार थेंब पाणी घालून ओलसर करा, विरघळू देऊ नका. हायग्रोमीटरसकट हवाबंद डब्यात बारा तास ठेवा. आत ७५ टक्के असायला हवेत. जो फरक दिसेल तो कायम हिशोबात धरा.

रेषा_लाकडाच्या

आणखी एक. लाकूड खरंच सॉलिड महोगनी आहे का ते स्वतःच्या डोळ्यांनी बघा, नुसत्या मॉडेलच्या नावावर जाऊ नका. साउंडहोलच्या कडेला टॉपची जाडी उघडी दिसते. वरच्या रेषा त्या कडेवरून आत तशाच उतरत असतील तर सॉलिड. मध्ये वेगळ्या दिशेचा थर दिसला तर लॅमिनेट. पाठीसाठी बाहेरची एखादी गाठ किंवा डाग निवडा आणि आतून त्याच जागी तो दिसतो का बघा. मॉडेल आणि सीरियल नंबर आत नेक ब्लॉकवर छापलेले असतात, नंबरावरून वर्ष काढता येतं.

सगळीच ‘महोगनी’ एक नसते. होंडुरन महोगनी, म्हणजे स्विटेनिया मॅक्रोफायला, २००३ पासून साइट्सच्या (वन्य प्रजातींच्या व्यापारावरच्या आंतरराष्ट्रीय कराराच्या) परिशिष्ट २ मध्ये आहे, त्यामुळे बऱ्याच कंपन्या सपेलीकडे वळल्या. सपेलीवर अरुंद उजळ-गडद पट्टे रिबिनीसारखे दिसतात आणि गिटार तिरकी केली की जागा बदलतात. आफ्रिकन महोगनी म्हणजे खाया, तीही २०२२ मध्ये परिशिष्टात आली. सपेली थोडी जड आणि किंचित चकचकीत आवाजाची. वाईट नाही, पण विकणारा काय म्हणतोय आणि समोर काय आहे ते जुळायला हवं. टेलर जीएस मिनी महोगनीतही टॉप सॉलिड महोगनीचा, पाठ आणि बाजू मात्र थरांच्या सपेलीच्या. तिला कुणी ‘ऑल महोगनी’ म्हणून विकत असेल तर ते चूक.

या गिटारांचा साधेपणा मात्र अस्सल आहे. मार्टिनने १९२२ मध्ये २-१७ हे महोगनी टॉपचं छोटं मॉडेल पोलादी तारांसाठी काढलं, तेही कमी किमतीत, नक्षीकाम न करता. आज १५ मालिकेत तोच साधेपणा दिसतो. त्यामुळे शिंपल्याची सजावट नाही म्हणून गिटार हलकी, असं समजू नका.

पेठरोडचा_सूर

सगळ्यांचे आभार. मिठाची परीक्षा केली, माझा हायग्रोमीटर ६९ दाखवतो, म्हणजे ६ ने कमी. त्या खोलीत खरे ८२ टक्के होते. साउंडहोलच्या कडेला रेषा सलग उतरतात, पट्टे नाहीत. विकणारे काका समजूतदार आहेत. केसमध्ये सिलिका जेल घालून पाच दिवस बंद ठेवायला आणि नंतर मी आणलेल्या तारा लावायला तयार झाले. मग १२ गेज (सगळ्यांत बारीक तारेची जाडी, इंचाच्या हजाराव्या भागांत) घेऊ की ११?

साथ_संगत

११-५२ घ्या. मऊ हाताच्या साथीला पुरेशी, बोटांना सुखाची, आणि जुन्या टॉपवर ताण कमी.

फीलर_गेज

माझं मत वेगळं. ही गिटार १२ च्या सेटसाठी बनलेली आहे. १२-५४ चा एकूण ताण ७० किलोच्या वर जातो, ११ च्या सेटने तो दहा टक्क्यांच्या आसपास घटतो. स्केल ६४५ ऐवजी ६३२ असल्यामुळे इथे ताण आधीच ४ टक्के कमी आहे, कारण तो लांबीच्या वर्गाने बदलतो. जड टॉपला हलवायला ताण लागतो. ११ वर महोगनी पुष्कळदा निस्तेज वाटते. परीक्षेसाठी तरी १२ लावा. नेकचा कोन मोजतानाही गिटार ज्या ताणावर राहणार आहे त्याच ताणावर मोजायला हवा.

साथ_संगत

परीक्षेसाठी १२, मान्य. पण फुगवटा कायमचाच आहे असं दिसलं तर ११ वर यायला लाज नको.

धातूबद्दल: फॉस्फर ब्रॉन्झ उबदार, ८०/२० ब्रॉन्झ जास्त उजळ. स्प्रूसवर मी फॉस्फर सांगेन, सगळ्या महोगनीवर ८०/२०. लाकडात ऊब आहेच, तारेतून झिलई येऊ द्या.

साथीचा मुद्दा अजून कुणी घेतला नाही. गायकाच्या आवाजाखाली ही गिटार फार चांगली बसते, कारण वरचा चमचमाट गायकाच्या शब्दांवर येत नाही. आपल्याकडे पट्टी हार्मोनियमवरून सांगतात. काळी १ असेल तर सीच्या कॉर्डचे आकार कॅपो (नेकवर सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) १ वर, किंवा एचे आकार कॅपो ४ वर. काळी ४ ला जीचे आकार कॅपो १, काळी ५ ला तेच आकार कॅपो ३. या गिटारवर चौथ्या-पाचव्या फ्रेटच्या कॅपोपर्यंत आवाज भरीव राहतो. त्याच्या वर गेलात की तो पेटीसारखा आखडतो, तेव्हा दुसरे आकार निवडा.

रेकॉर्डिंगला माइक साउंडहोलसमोर लावू नका. बाराव्या ते चौदाव्या फ्रेटच्या समोर, २५ ते ३० सेंमीवर. तरी गढूळ वाटलं तर २०० ते २५० हर्ट्झला दोन-तीन डेसिबल उतरवा. महोगनीचा गढूळपणा तिथेच साठतो.

पेठरोडचा_सूर

पाच दिवसांनी. केसमध्ये दुरुस्त आकडा ५३ टक्के. नवीन ८०/२०, १२-५४. काकांसमोर रॉड फिरवला, सहज फिरतो, रिलीफ ०.२ वर आणला.

ॲक्शन आता २.७ आणि २.०. पट्टी ब्रिजच्या माथ्याखाली साधारण ०.३ मिमी टेकते. ब्रिज ८.५ मिमी जाड. तार टॉपपासून १०.८ मिमीवर. आवाज ओळखू येत नाही इतका उघडलाय. तिसरी तार तर आता बोलते.

ब्रिजच्या मागच्या कडेखाली कागद सरकवून पाहिला, जात नाही. आत मोबाइलचा कॅमेरा घातला. चिरेवर आतून तीन छोट्या लाकडी पट्ट्या आडव्या चिकटवलेल्या, घट्ट आहेत. ब्रिज प्लेटवर (ब्रिजखाली आत चिकटवलेल्या फळीवर) तारांच्या गुंड्यांनी थोडे खड्डे. बोटाच्या पेराने टॉप आणि पाठ ठोकली, कुठेच खुळखुळ नाही.

फीलर_गेज

मग घ्या. पण काय घेताय ते समजून. नेकचा कोन सीमेवर आहे, आज वाजवण्याजोगा आहे, काही वर्षांत रीसेट लागेल. काकांना हे आकडे जसेच्या तसे दाखवा आणि त्यावर किंमत बोला. जॅकच्या भोकाने मूळ स्थितीचं मोल उतरतं, आवाजाला काही होत नाही. पिकअप बसवायचा असेल तर काम उलट सोपं झालंय.

चीर आतून आडव्या पट्ट्यांनी बांधली असेल तर निर्धास्त राहा. पुढे कधी जोड उघडला तर सुतारकामाचा पांढरा गोंद कुणाला लावू देऊ नका. सततच्या ताणाखाली आणि उन्हाळ्यात तो हळूहळू सरकतो, आणि पुढच्या दुरुस्तीला लाकडात दुसरं काही धरू देत नाही. ब्रिजला सरस किंवा लाकडाचा पिवळा गोंद.

आता सॅडल. बाराव्या फ्रेटवर जितकं कमी करायचं त्याच्या दुप्पट सॅडल घासावं लागतं. २.७ वरून २.५ म्हणजे ०.४ मिमी घासणं, मग वर १.६ उरेल. याखाली जाऊ नका, तार सॅडलवर पुरेशी वळत नाही आणि आवाज ढिला पडतो. बारीक बाजूला हात लावू नका, तिथे २.० चालेल आणि घासायला जागाही नाही. म्हणजे तळ जाड बाजूकडे किंचित उतरता घासला जाईल. खाली पिकअप नाही, म्हणून हे चालतं.

पक्कडीला टेप गुंडाळून सॅडल वर ओढा. खालच्या कडेपासून व्हर्नियरने माप घेऊन पेन्सिलची रेघ मारा. २२० नंबरचा पॉलिश पेपर काचेवर चिकटवा, सॅडल उभं धरून एकाच दिशेत घासा, दर दहा घासण्यांनंतर गुण्या लावून बघा. तळ बाजूला कलला तर सॅडल खाचेत एका कडेवर उभं राहतं आणि दोन तारा मंद पडतात. शेवटचे हात ४०० ने. पण हे मूळ सॅडलवर करू नका. हाडाचं कोरं सॅडल घ्या आणि त्यावर करा.

त्याआधी नट बघा. तिसऱ्या फ्रेटवर तार दाबली की पहिल्या फ्रेटच्या वर कागदाएवढी फट राहायला हवी, ०.१ मिमीच्या आसपास. जास्त असेल तर पहिल्या फ्रेटचे कॉर्ड जड लागतात आणि लोक दोष सॅडलला देतात.

गंगापूर_धरण

नाशिकसाठी एक गोष्ट ठासून सांगतो: दोन सॅडल ठेवा. याच गिटारवर बघा, ८२ वरून ५३ टक्क्यांवर आल्यावर ॲक्शन अर्धा मिमी उतरली, त्यातली ०.१ रॉडची, बाकीची नुसत्या टॉपची. पावसाळ्यात बसवलेलं बुटकं सॅडल एप्रिलच्या दुपारी खडखडतं, कारण कोरड्या हवेत टॉप आणखी बसतो. मग लोक रॉड सैल करत बसतात. पावसाळ्याचं एक, उन्हाळ्याचं एक, दोघांत अर्ध्या मिमीचा फरक, आणि मागे पेन्सिलने खूण. बदलायला दहा मिनिटं लागतात.

केसमध्ये ४५ ते ५५ टक्के राखा. जून ते सप्टेंबर सिलिका जेल, पिशवी तारांना न टेकता हेडस्टॉकखाली (नेकच्या खुंट्यांच्या टोकाखाली). रंग बदलला की ओव्हनमध्ये ११०-१२० अंशांवर दोन तास, पुन्हा तयार. दुतर्फा काम करणारी (ओलावा घेणारी आणि सोडणारीही) पाकिटं आपल्या पावसाळ्यात पाणी पिऊन लवकर फुगतात, ती मार्च ते मेसाठी ठेवा. डिसेंबर-जानेवारीतल्या कोरड्या थंडीकडेही दुर्लक्ष नको. फ्रेटची टोकं बोटाला टोचू लागली की फ्रेटबोर्ड आकसलाय, टॉपला तडे जायच्या आधीची ती सूचना.

मे महिन्यात बंद गाडीत पाच मिनिटंसुद्धा नको, ब्रिज तिथेच सुटतात.

मिठाची_डबी

फिनिशचंही लिहितो. १५ मालिकेचं सॅटिन म्हणजे नायट्रोसेल्युलोज लॅकर आहे. चमक आणणारं पॉलिश लावू नका, हाताखालच्या जागेवर तुकतुकीत डाग पडतात ते परत जात नाहीत. ओलसर सुती फडकं, लगेच कोरडं फडकं, बस. रबराचा स्टँड नायट्रोला चिकटतो, स्टँडवर सुती कापड गुंडाळा. संध्याकाळी डासांचं डीट असलेलं औषध अंगाला लावून गिटार हातात घेऊ नका, कोपराखालचं फिनिश मऊ होऊन कापडाची वीण त्यात उमटते.

पेठरोडचा_सूर

काकांनी आकडे शांतपणे पाहिले आणि रीसेटचा विचार करून किंमत उतरवली. गिटार घेतली. हाडाची दोन कोरी सॅडल मागवलीत. फ्रेटची उंची पहिल्या तीनवर ०.८५ मिमी आहे, लेव्हलिंग (फ्रेट घासून एका पातळीत आणणं) आता करावं का? आणि केसला कुबट वास येतोय, त्यात डांबराच्या गोळ्या चालतील?

फीलर_गेज

खडखड नसताना फ्रेट घासू नका. ०.८५ म्हणजे एखादं-दुसरं लेव्हलिंग शिल्लक आहे, ते रीसेटच्या वेळी वापरा. कोन बदलल्यावर फ्रेट पुन्हा बघावेच लागतात, आज घासलेलं वाया जाईल.

गंगापूर_धरण

डांबराच्या गोळ्या अजिबात नको, त्यांची वाफ नायट्रोला आणि प्लास्टिकला लागते. पाऊस उघडला की रिकामी केस दोन दिवस उन्हात उघडी ठेवा, मग आत खायचा सोडा शिंपडून एक रात्र बंद ठेवा आणि व्हॅक्यूमने ओढून घ्या. तोवर गिटार कपाटात, सिलिका जेलसोबत, बाहेरच्या भिंतीला पाठ न लावता.